बसायला जागा : वास्तू आणि आपले मन

(आगमन शताब्दीनिमित्त जुफैर येथे भरलेल्या सभेतील भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने आम्हांला विषय दिला आहे, ‘वास्तूचा माणसाच्या मनावर होणारा परिणाम’. आम्ही इंजिनिअर नाही, वास्तुशास्त्राचे जाणकार तर मुळीच नाही. आम्ही प्राथमिक शाळेतल्या बाई. गाठीला शिक्षक प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि तीसएक वर्षे पोरांसमोर उभे राहिल्याचा अनुभव, एवढीच आमची शिदोरी. तेव्हा जे घरात, वर्गात आणि आपल्या समाजात पाहिले, त्यातूनच बोलणार आहोत.

सुरुवात घरापासून करतो. आमच्या सासूबाई मॉरिशसहून तीन महिन्यांसाठी इथे जुफैरला आल्या होत्या. आमची जागा चौदाव्या मजल्यावर. दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर, बारा महिने एसी. दोन टॉवरच्या फटीतून समुद्राची एक पट्टी दिसते. पहिला आठवडा त्यांनी फोनवर सगळ्यांना घराचे कौतुक सांगितले. दुसऱ्या आठवड्यात आम्ही शाळेतून आलो, तर सासूबाई दाराबाहेर, लिफ्टच्या समोर स्टूल टाकून बसलेल्या. विचारले, “इथे काय करता?” म्हणाल्या, “दार उघडले की माणसाचे तोंड दिसते.” लिफ्ट उघडायची, कुणी केरळची नर्स, कुणी फिलिपिनो मुलगी बाहेर पडायची, सासूबाई हसायच्या, तीही हसायची. भाषेची अडचण कुणालाच नव्हती.

मग एक दिवस इमारतीच्या ऑफिसातून कागद आला, की जाण्यायेण्याच्या वाटेत सामान ठेवू नये आणि बसू नये. नियम चुकीचा नव्हता. आग लागली तर माणसे पळणार कुठून? आम्ही स्टूल आत घेतले. पण त्या दिवसापासून सासूबाई दुपारी झोपू लागल्या, जेवण कमी झाले, बोलणे कमी झाले. डॉक्टरांना काही सापडले नाही. सहाव्या आठवड्यात त्यांनी तिकीट पुढे ओढायला लावले. जाताना म्हणाल्या, “घर चांगले आहे गं तुमचे. पण घराला तोंड नाही.”

हे वाक्य आम्ही बरीच वर्षे मनात बाळगून आहोत. आमचे आजचे भाषण म्हणजे त्या वाक्याचा अर्थ लावण्याची धडपड आहे.

कोकणातले घर आठवा. आपल्यापैकी बहुतेकांचे मूळ रत्नागिरी, सावंतवाडीच्या बाजूचे. आपण ते घर पाहिलेले नसेल, पण आजीच्या बोलण्यात ऐकले असेल. चिऱ्याच्या भिंती, वर कौले किंवा पेंढा, पुढे सारवलेले खळे, खळ्यात तुळस, मग ओटी, मग माजघर, मागे पडवी आणि परसू. यातली ओटी ही फार शहाणी जागा. ती धड घरात नाही, धड बाहेर नाही. तिथे बसलेल्या माणसाला वाटेवरचा माणूस दिसतो, हाक मारता येते, आणि नको असेल तर उठून आत जाता येते. आलेल्या माणसालाही आत न शिरता टेकता येते. म्हाताऱ्या माणसाचा, बाळंतिणीचा, शेंगा सोलणाऱ्या पोराचा दिवस या ओटीवर पुढे सरकतो. ओटी हेच घराचे तोंड.

आता हे घर सोडून निघालेला माणूस डोळ्यांपुढे आणा. आज आपण शताब्दी साजरी करतो आहोत, पण गिरमिटीची वाट शंभर वर्षांहून जुनी आहे. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘अॅटलस’ जहाजातून 36 मजूर पोर्ट लुईच्या बंदरात उतरले, आणि 1920 पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे हिंदुस्थानातून त्या बेटावर आली. मुंबई बंदरातून गेलेल्या जहाजांत आपली कोकणी, मराठी माणसे होती.

बंदरावर त्यांनी पहिली इमारत पाहिली ती इमिग्रेशन डेपोची. 1849 साली तिचे बांधकाम सुरू झाले. आज तिचा काही भागच उरला आहे. त्याला आपण आप्रवासी घाट म्हणतो आणि 2006 पासून तो जागतिक वारसा आहे. तिथल्या 16 दगडी पायऱ्या आपल्यापैकी पुष्कळांनी चढल्या असतील. आम्ही चढलो तेव्हा बरोबर शाळेची मुले होती. एका मुलीने विचारले, “बाई, इथे बसायची जागा कुठे होती?” आम्ही फाटक दाखवले, पहारेकऱ्याची खोली, दवाखान्याचा भाग, मुदपाकखाना, माणसे ठेवायच्या शेडची जागा दाखवली. माणसाला उतरवून घेणे, मोजणे, तपासणे, नोंदवणे, मळ्यावर धाडणे, एवढ्यासाठी ती वास्तू होती, आणि त्या कामाला ती चोख होती. पोरीच्या प्रश्नाला मात्र आमच्याकडे उत्तर नव्हते.

पुढे मळ्यावरची वस्ती. तिला कॅम्प म्हणत. ओळीने खोपटी, एकासारखे दुसरे, उसाच्या कडेला. जागा मळेवाल्याची, खोपट मळेवाल्याचे, सकाळची घंटाही त्याचीच. अशा ठिकाणी माणूस खचतो, आणि आपली माणसे खचलीही. दारू आली, भांडणे आली, हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्याच कॅम्पात त्यांनी आणखी एक गोष्ट केली. अंगमेहनतीने, मातीच्या भिंती आणि वर गवत घालून, एक साधी खोली उभी केली. भोजपुरीतला शब्द सगळ्यांनी उचलला, ‘बैठका’. दिवसभर ऊस तोडून आलेली माणसे संध्याकाळी तिथे जमत. पोथी वाचली जाई, मुलांना अक्षरे शिकवली जात, तंटे मिटत, आणि सणाच्या आधी झाकरीची तालीम होई.

बांधकाम म्हणून पाहिले तर बैठका आणि खोपट यांत फारसा फरक नव्हता. तीच माती, तेच गवत. मग फरक कशात होता? खोपट कुणीतरी मजूर ठेवण्यासाठी बांधले होते. बैठका आपण आपल्यासाठी बांधला होता. एकात माणूस ठेवला जात होता, दुसऱ्यात तो येऊन बसत होता. आपली भाषा त्या बेटावर टिकली, पुढे सरकारी प्राथमिक शाळांत मराठी शिकवली जाऊ लागली, त्याची पहिली पायरी बैठका आहे, असे आम्ही शिक्षक म्हणून मानतो.

आणखी एक गोष्ट. 1960 च्या फेब्रुवारीत कॅरोल चक्रीवादळ आले आणि गवताची, पत्र्याची हजारो घरे गेली. त्यानंतर बेटावर सिमेंटची घरे वाढली. वाऱ्याला तोंड देतील अशी, सपाट छपराची. बाहेरचा माणूस ती घरे पाहून नाक मुरडतो, कारण वरती लोखंडी सळ्या तशाच उभ्या असतात. पण आपल्याला ठाऊक आहे त्या सळ्या कशासाठी. मुलगा मोठा होईल, लग्न होईल, वरचा मजला चढेल. ज्याच्या आजोबाला खोपटातून कधी काढतील याचा भरवसा नव्हता, तो नातू छपरावर पुढच्या पिढीसाठी सळ्या सोडतो. आणि पुढे, कितीही लहान असला तरी, व्हरांडा काढतो. क्रिओलमध्ये म्हणतात तो ‘व्हारांग’. सासूबाईंची खुर्ची तिथेच असते. कोकणातली ओटी त्यांनी पाहिलेली नव्हती, पण ती त्यांच्या अंगात होती.

जे कोकणी भाऊबंद जहाजात चढले नाहीत, ते मुंबईच्या गिरणीत गेले. त्यांच्या वाट्याला चाळ आली. चाळ म्हटले की आपल्याला पुढची लांब गॅलरी आठवते. 1920 च्या दशकात मुंबई सरकारच्या विकास खात्याने कामगारांसाठी वरळी, नायगाव, शिवडी आणि आता ना. म. जोशी मार्ग म्हणतात तिथे 207 इमारती उभारल्या. त्या बीडीडी चाळी. एका इमारतीत 80 खोल्या, एका मजल्यावर 20, प्रत्येक खोली 160 चौरस फुटांची. पण यांत मोकळी गॅलरी नव्हती. मधून अंधारा बोळ आणि दोन्ही बाजूंना खोल्या. कायदेभंगाच्या काळात वरळीच्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग करता आला, यावरून त्या इमारतींची घडण कशी होती ते समजा.

आणि तरीही त्या अंधाऱ्या बोळात माणसांनी काय केले? दारे उघडी ठेवली. बोळालाच ओटी केले. खाली दोन इमारतींच्या मधल्या पटांगणात गणपती बसवले, व्यायामशाळा काढल्या, नाटके केली. आता तिथे पुनर्विकास होतो आहे, 500 चौरस फुटांची घरे मिळत आहेत, आणि ती मिळायलाच हवीत. सार्वजनिक संडासापुढे रांग लावणाऱ्या बाईला चाळीच्या आठवणींचे कौतुक सांगू नये. पण उंच टॉवरमध्ये गेल्यावर दारे बंद राहणार, ही हुरहूर तिथल्या म्हाताऱ्या माणसांना लागते, ती खोटी नाही.

याच मुंबईपलीकडे, बेलापूरला, चार्ल्स कोरिया यांनी 1980 च्या दशकात वेगळे करून पाहिले. लहान लहान घरे, आणि सात घरांच्या मध्ये एक सामाईक अंगण. अशी तीन अंगणे जुळली की 21 घरांचे मोठे अंगण. प्रत्येक घराला वाढायला जागा. पैसे कमी असताना उंच इमारत हाच एक मार्ग नसतो, हे त्यांनी दाखवले. आपल्या सळ्यांचा विचार त्यांनी नकाशावर आणला, असे आम्हांला वाटते.

हे सारे मानण्यावर आहे, पुरावा काय, असे कुणी विचारील. 1984 साली रॉजर उलरिच या अमेरिकन संशोधकाने पेनसिल्वेनियातल्या एका इस्पितळातल्या नोंदी तपासून निबंध प्रसिद्ध केला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले 46 रोगी. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. रोग तोच, इस्पितळ तेच. झाडे दिसणारे रोगी सरासरी पाऊण दिवस लवकर घरी गेले, आणि त्यांना वेदनेची जालीम औषधे कमी लागली. खिडकीने रोग बरा केला नाही. पण पडून राहिलेल्या माणसाला डोळ्यांसाठी काहीतरी मिळाले आणि शरीराने साथ दिली. त्याच्या सव्वाशे वर्षे आधी, 1859 मध्ये, फ्लोरेन्स नाइटिंगेल बाईंनी इस्पितळांवर पुस्तक लिहून उजेड आणि मोकळी हवा यांचा आग्रह धरला होता.

हे कळायला दूर जायला नको. बहरीनच्या जुन्या लोकांनाही ते ठाऊक होते. मुहर्रकला शेख ईसा बिन अली यांचे जुने घर आहे. ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी मुलांना घेऊन जरूर जावे. बाहेरून भिंती जाड आणि बंद, आत मोकळी अंगणे, अंगणाभोवती खोल्या, आणि वर हवेचा मनोरा. त्याला बादगीर म्हणतात. वरून जाणारा वारा त्यात शिरतो आणि खालच्या खोलीत उतरतो. विजेचा पत्ता नव्हता तेव्हा या उन्हात माणसाने डोके शांत ठेवायची ही सोय केली. तिथे खाली उभे राहिलात की जुलैतही मानेवर हलकी झुळूक जाणवते आणि आपोआप आवाज खाली येतो. पाहुण्यांना बसायला मजलिस. आपल्या ओटीची ती चुलत बहीणच.

आणि आपल्या जुफैरमधली अल फातेह मशीद. बाहेरच्यांनाही ती दाखवली जाते, आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो. सात हजार माणसे मावतील एवढी मोठी. वरचा घुमट फायबर ग्लासचा, वजन 60 टनांहून अधिक. आमची पोरे दाराशी दंगा करत होती, आत पाऊल टाकताच गप्प झाली. कुणी दटावले नव्हते. उंचीने आणि वरून येणाऱ्या उजेडाने ते केले. मार्गदर्शकाने सांगितले की फरशी इटलीच्या संगमरवराची, झुंबर ऑस्ट्रियाचे, आणि दरवाजे हिंदुस्थानी सागाचे. एका मुलाने दाराला हात लावला आणि म्हणाला, “बाई, हेपण आपल्यासारखेच लांबून आलेय.”

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर बोलणे एकांगी होईल. मन फक्त भिंतींनी घडत नाही. कर्ज असेल, आजार असेल, मालक पगार थकवत असेल, तर संगमरवरी महालातही झोप येणार नाही. बंगल्यात रडणारी आणि खोपटात गाणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. ओटीचाही जाच असतो. ओटीवरच्या म्हाताऱ्यांच्या नजरेखालून जाणे सुनांना नको व्हायचे. तेव्हा चांगली वास्तू म्हणजे सुख, असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की वाईट वास्तू रोज थोडे थोडे काढून घेते आणि चांगली वास्तू रोज थोडे थोडे देते. आणि माणसाला कळते, ही जागा बांधताना कुणी आपला विचार केला होता की नाही.

आता शेवटच्या आणि मुख्य मुद्द्याकडे येतो.

आपला शनिवारचा मराठी वर्ग दोन वर्षे एका उसन्या खोलीत भरला. खोली दिली त्यांचे उपकार आहेत, तक्रार नाही. पण तिला खिडकी नव्हती. पांढरी ट्यूब, एसीचा घरघराट. मुले दर दहा मिनिटांनी विचारायची, “बाई, किती वाजले?” मग एका डिसेंबरात खोली मिळेना, म्हणून एका सभासदांनी आपल्या व्हिलाचे अंगण दिले. चटया टाकल्या. शेवग्याचे एक झाड, भिंतीवर मांजर, मधूनच अजान. तीच मुले, तेच धडे, त्याच बाई. त्या महिन्यात वेळ कुणी विचारली नाही. याला आम्ही संशोधन म्हणत नाही. हवाही छान होती. पण आम्ही ते पाहिले आहे.

शिक्षकांना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची नावे सांगायला नकोत. 1945 साली बोर्डीला त्यांनी काम सुरू केले. वस्तीतली मुले शाळेत येत नाहीत, तर ताराबाई म्हणाल्या, शाळाच त्यांच्या अंगणात नेऊ. त्यातून ‘अंगणवाडी’ निघाली. आज हा शब्द देशभर सरकारी कागदावर आहे, पण मुळात ते एक खरेखुरे अंगण होते.

शताब्दीनिमित्त संस्था स्वतःची जागा घेणार आहे. सर्वसाधारण सभेपुढे दोन जागा आहेत. एक, वरच्या मजल्यावरचा मोठा हॉल. स्टेज आहे, झुंबर आहे, तीनशे माणसे बसतील. खिडकी नाही. दुसरी, जुन्या व्हिलाचा तळमजला. जुनाट आहे, डागडुजीचा खर्च आहे, ऐंशी माणसांवर बसणार नाहीत, गणपतीला बाहेरचा हॉल घ्यावा लागेल. पण अंगण आहे आणि दारापुढे सावलीचा कट्टा होऊ शकतो.

आमचे मत व्हिलाला आहे. कारण सांगतो. स्टेजची गरज आपल्याला वर्षातून चार वेळा लागते. बसायला जागा रोज लागते. इथे आपले किती भाऊ लेबर कॅम्पात राहतात, ते आपल्याला ठाऊक आहे. खोलीत एकावर एक पलंग. एकाने आम्हांला सांगितले, “ताई, पलंगाला पडदा लावलाय, तेच आमचे घर.” उन्हाळ्यात दुपारी 12 ते 4 उघड्यावर काम करायला इथे बंदी आहे, ती चांगली गोष्ट. पण शुक्रवारी त्या माणसाने जायचे कुठे? मॉलमध्ये खिसा लागतो. तो हॉलमध्ये कार्यक्रमाला येईल तेव्हा प्रेक्षक म्हणून मागच्या खुर्चीवर बसेल. कट्ट्यावर येईल तेव्हा नुसता बसेल, चहा घेईल, गावाकडे फोन लावील, आमच्या पोरांना एखादे गाऱ्हाणे नाहीतर गोष्ट सांगील. आपल्या पणजोबांना कॅम्पातून उठून बैठक्यात जाता येत होते. त्यांच्या पणतवंडांनी शंभरीला झुंबराचा हॉल घ्यावा आणि आजच्या कॅम्पातल्या माणसाला बसायला जागा नसावी, हे शोभत नाही.

म्हणून आमच्या तीन मागण्या. मुलांच्या उंचीला येईल अशी खिडकी असावी. दाराबाहेर सावलीत कट्टा असावा आणि त्यावर बसू नये असा कागद कधी लागू नये. आणि शुक्रवारी सकाळपासून रात्रीपर्यंत दार उघडे असावे, कार्यक्रम नाही, पाहुणे नाहीत, हारतुरे नाहीत. किल्ली सांभाळायचे काम आम्ही शिक्षिका आळीपाळीने करू, हा शब्द देतो.

सासूबाई आता पंच्याऐंशीच्या आहेत. पुन्हा इतका प्रवास त्यांच्याने होणार नाही. परवा फोनवर या जागेबद्दल सांगितले, तर त्यांनी एवढेच विचारले, “पुढे बसायला आहे ना काही?” आम्ही म्हटले, सभेत ठरायचे आहे.

ते आता तुमच्या हातात आहे.